तळं की गवत

साठ सालच्या आसपासची गोष्ट. कुवेतच्या वाळवंटात पाण्यासाठी बोअर मारणाऱ्या एका कंपनीत मी, रत्नागिरीचा माणूस, स्टोअरकीपर होतो. युगोस्लाव्हियातून आलेला एक उंच, वाकलेला गृहस्थ माझ्याकडे सिमेंट न्यायला यायचा. खाली चुनखडीत पोकळी लागली की बोअर मारताना आत सोडलेलं पाणी गडप व्हायचं. ती पोकळी बुजवणं हे त्याचं काम. सिमेंट ओतण्याआधी तो टोपी काढून पाइपाला कान लावायचा, डोळे मिटून हसायचा.

"आमच्या शेताचा आवाज," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणायचा.

त्याचं शेतही चुनखडीतलं. हिवाळ्यात जमिनीतल्या भोकांतून पाणी वर येऊन तिथं तळं व्हायचं. उन्हाळ्यात ते त्याच भोकांतून उतरून जायचं आणि गवत उगवायचं. म्हणून घरात एकाच पडवीत होडी आणि विळा. मला आधी थापच वाटली. पण त्याच्या बायकोच्या पत्राची पहिली ओळ नेहमी तेवढीच असायची: तळं, किंवा गवत. टपाल मीच वाटायचो, त्यामुळे ती ओळ तो मला लगेच सांगायचा. मग मलाही दिवसभर वाळूवर कधी होडी दिसायची, कधी हलणारं गवत.

एका उन्हाळ्यात पत्र वाचून तो गोण्यांवर बसला आणि म्हणाला, "तळं." धरणाचं पाणी गळून जाऊ नये म्हणून तिथली भोकं सिमेंटनं बुजवली होती. आता बारा महिने तळंच.

मग तो उठला, सवयीनं सिमेंटच्या गोणीला हात घातला आणि तसाच थांबला.

"तुझ्या गावाला गवत उगवतं ना?" त्यानं विचारलं. "मग बायकोला लिहितो, आमचा विळा तुझ्या घरी पाठवायला."