पंखे डायरेक्ट केले

सावंगीच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मी चार अवाढव्य पंखे बसवले होते. एकेक पातं दोन माणसांएवढं. मी वायरमन. असे पंखे आगीच्या अलार्मला जोडावे लागतात. भोंगा वाजला की ते आपोआप थांबले पाहिजेत, नाहीतर धूर खाली माणसांच्या नाकातोंडात लोटतात आणि छतातल्या फवाऱ्यांचं पाणी भलतीकडेच उडवतात. दोन दिवस खपून ती जोडणी केली. उदबत्त्यांचा जुडगा पेटवून धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरखाली धरला. भोंगा वाजला, चारही पंखे मंदावत थांबले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ते कौतुक पहिल्या लग्नापर्यंतच टिकलं. स्टेजवर होम पेटला, भटजींनी तुपाची धार सोडली, धूर वर गेला आणि ऐन मे महिन्यात शेकडो वऱ्हाड्यांवरची हवा बंद. मालक तणतणत पॅनेलपाशी आला. "डायरेक्ट करून टाक." म्हणजे पंखे अलार्मपासून तोडून सरळ लायनीवर घ्यायचे. मी म्हटलं, स्टेजवरचा डिटेक्टर बदलू, धुराऐवजी उष्णतेवर चालणारा लावू.

"पुढच्या सीझनले पाहू."

तो सीझन कधी आलाच नाही. तपासणीला साहेब येणार असले की मी आदल्या दिवशी अलार्मची तार जोडायचो, ते गेले की तोडायचो. कुरकुरायचो आणि तोडायचो.

मग माझ्याच मुलीचं लग्न तिथं ठरलं. कोणाला न सांगता मी तार पुन्हा जोडली. इतक्या लोकांच्या लेकीबाळी त्याच छताखाली बसून गेल्या तेव्हा मला निवांत झोप लागत होती, हे लिहिताना स्वतःचीच किळस येते. होम बाहेर कडुनिंबाखाली करायचा, असं मी भटजींना पटवलं होतं. पण व्याह्यांकडच्या म्हाताऱ्यांना ऊन सोसेना. मी आचाऱ्याकडे गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी होमाचं कुंड स्टेजवर नेलं.

भोंगा वाजला तेव्हा मी धावत आत आलो. पंखे थांबत होते. व्याही घाम पुसत पुढे आले.

"का जी, तुम्ही तं वायरमन न? पोरीच्या लग्नात इतकी हवा नाई देता येत तुम्हाले?"

मी मुलीकडे पाहिलं. मुंडावळ्या कपाळाला चिकटल्या होत्या, डोळ्यांतलं काजळ ओघळलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, बंद करा ना ते. सारे आपल्याकडंच पाहून राह्यले."

कुंड बाहेर न्या, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी पॅनेल उघडलं, भोंगा बंद केला आणि पंखे डायरेक्ट केले. हवा सुटली तशा कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. व्याह्यांनी माझी पाठ थोपटली.

त्या दिवशी काहीही झालं नाही. आग लागली नाही, पंगती उठल्या, मुलगी सुखानं सासरी गेली. मी मात्र त्यानंतर मालकाला साफ सांगितलं, तार कायमची जोडू दे, नाहीतर तुझं काम सोडतो. तो म्हणाला, सोड. निघताना मी तार जोडून गेलो.

पुढच्या आठवड्यात माझी शिडी आणायला गेलो, तर पुलगावचा एक नवा वायरमन उघड्या पॅनेलपुढे उभा होता. पंखे पुन्हा डायरेक्ट करायचं मालकानं सांगितलेलं काम त्याला पटत नव्हतं. "आग लागली तं माणसं मरतीन, मालक," तो म्हणत होता. मला आशा वाटली. तेवढ्यात मालकानं माझ्याकडे बोट केलं.

"हे सारं यानंच बसवलं. अन् सोताच्या पोरीच्या लग्नात यानंच डायरेक्ट केलं. मंग तुले काऊन भेव वाटून राह्यलं?"

त्या नव्या वायरमननं माझ्याकडे पाहिलं. खरं आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी मान खाली घातली, आणि त्यानं पक्कड उचलली.