शिशाच्या डब्याची राखण

ती पेटलेली शेगडी आणि शेजारचा शिशाचा डबा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळ भागातल्या एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, हे मी तेव्हाही मान वर करून सांगत असे, आजही सांगतो. ठाण्यातली निम्मी माणसं मोर्च्यांच्या बंदोबस्तावर असायची आणि खाकी रंग दिसला की चाळीतले लोक पाठ फिरवायचे.

एका रविवारी सकाळी एका खासगी दवाखान्याचे डॉक्टर घाम पुसत ठाण्यात आले. कर्करोगाच्या उपचाराची रेडियमची एक नळी निकामी झाली होती. शिशाच्या जाड डब्यात बंद करून ती तुर्भ्याच्या अणुकेंद्राकडे विल्हेवाटीसाठी पाठवायची होती. कोठी साफ करताना डबा भंगारात गेला.

"डबा बंद आहे तोवर ठीक," ते म्हणाले. "आगीवर चढला तर नळी फुटेल. वास नाही, रंग नाही. खोलीतल्या माणसांच्या श्वासातून रेडियम हाडापर्यंत जाईल."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदारांना घेऊन भंगारवाल्याला गाठलं. तो साफ नाकबूल.

"चोरी का माल मैं छूता नहीं, साब."

"तू तर देवमाणूस," हवालदार म्हणाले. "मागच्या खेपेला नळाची तोटी आपल्या पायांनी चालत आली होती ना?"

मी हवालदारांना गप्प केलं. घाबरलेला माणूस खोटं बोलतो. भीती काढली की तोच खरं बोलतो, असा माझा अनुभव. "तुझ्यावर केस नाही," मी म्हटलं. "पण तो डबा कुणी वितळवला तर माणसं मरतील."

तेव्हा त्याने कबूल केलं. डबा आदल्या दिवशी कुणा गिरणी कामगाराने नेला होता. "नाखून से खुरचके देखा. बोला, जाली को अच्छा है."

त्या वाक्यावर तपास फिरला. माझं आजोळ मालवणकडचं, समुद्राकाठचं. मासे धरायच्या जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी ओवतात, नाहीतर जाळं बुडत नाही. मामा ते घरीच ओतायचा. म्हणजे डबा आगीवर जाणार, आणि गिरणीच्या सुट्टीलाच जाणार. आजच.

कोकणातले गिरणी कामगार राहायचे त्या डिलाईल रोडवर आम्ही एकेका चाळीकडे मान वर करून बघत निघालो. एका तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला अर्धवट विणलेलं जाळं बांधलेलं दिसलं.

जिन्यात खानावळवाली म्हातारी आडवी आली. "मोर्च्याची नावां काढूक इलास? मुंबय आमची, जिनो पण आमचो! वर पाय ठेवशात तर डोक्यार आमटी ओतीन!"

मी टोपी काढली. "आये, माका नावां नको. शिसां वितळवता तो खय आसा?"

तिने मला न्याहाळलं. "खयचो रे तू?"

मी आजोळचं गाव सांगितलं.

"मगे उभो कित्याक? धाव! शेगडी पेटयल्यान त्येना."

वर एकाच गावच्या माणसांची सामाईक खोली. पाळीनुसार आळीपाळीने झोपणारी बिऱ्हाडाविना माणसं, भिंतीला लावलेल्या ट्रंका. कढईत शिशाचे जुने तुकडे वितळत होते आणि तो गिरणी कामगार डबा उचलून कढईत सोडायच्या बेतात होता. मी मनगट धरलं.

डब्यात काय आहे ते समजल्यावर तो दोन पावलं मागे सरला. पण नजर डब्यावरून हलेना. "ह्या माका जाळ्याक व्हया होता, सायबानू. शिमग्याक घराक जातलंय, परत येवचंय नाय. बापूस वाट बघता."

तुर्भ्याहून एक तरुण शास्त्रज्ञ किरणं मोजायचं यंत्र घेऊन आला. डब्याजवळ यंत्र तडतडलं. बाकीच्या तुकड्यांपाशी आणि माणसांपाशी गप्प राहिलं. "हे तुकडे खुशाल ने," तो म्हणाला. तेव्हा कुठे त्या गड्याने ते गोळा करायला घेतले.

"आणि ह्या खय नेतलास?"

"काँक्रीटमध्ये बंद करू. राखण करू."

"कितके वर्सां?"

"हजारो."

"राखणारो मरतलो मगे?" तो म्हणाला. "आमच्या गावाक राखणदार देव आसा. दरवर्साक नारळ देतंव, म्हणान गाव इसरणा नाय."

शास्त्रज्ञ हसला. मलाही हसू आलं. पंचनामा झाला, डबा गेला.

शिमग्याला तो खरंच गेला. पुढे दरवर्षी कुणाबरोबर तरी निरोप यायचा, "सायबांक येवक सांगा." दरवर्षी मी बंदोबस्तावर. नाक्यावर उभा असताना सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास आठवायचा आणि जीव तिकडे ओढायचा. माझं आजोळही तोवर उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्याच्या गावी गेलो. तो आता हयात नव्हता. देवळापुढे त्याचा मुलगा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालत होता: पिकापाण्यासाठी, होड्यांसाठी, मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी. आणि मग, "मुंबयक पुरलेल्या त्या शिशाच्या डब्याक कोणाचो हात लागाक देव नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव गरजलं.

शेजारच्या तरुणाला मी विचारलं, "कसला डबा?"

"म्हायत नाय. पण सांगूक व्हया."

अणुविजेचा कचरा काचेत मुरवून, पोलादात बंद करून ठेवतात, असं हल्ली पेपरात वाचतो. तो आपल्यामागे कोण सांभाळणार, हा प्रश्न मोठमोठ्यांना पडला आहे. ठाण्यात पहारेकरी बदलतो तेव्हा जुना नव्याला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडत नाही. सगळ्या नोकरीत मी याहून मोठं काही शिकलो नाही, आणि तेही नीट कळलं ते त्या देवळापुढे.

मी पायातले बूट काढले, गर्दीत उभा राहिलो आणि पुढच्या हाकेला सगळ्यांबरोबर ओरडलो, "व्हय महाराजा!"