माझं पान कोणी पाहिलं?

इंटरनेटवर माझा टाय लावलेला फोटो होता आणि तो काढायची किल्ली अमेरिकेत होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात ज्या लोकांना झोप लागत नव्हती, त्यांची कारणं बहुधा मोठी असतील. माझं हे होतं.

मी सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. इंजिनियर कच्चं ड्रॉइंग काढून देणार, मी ते मापात बसवून पक्कं काढणार. ड्रॉइंग बोर्ड गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा मी तोही शिकलो, कारण न शिकणाऱ्यांना घरी पाठवणार अशी अफवा होती. नंतर शिकलेल्यांनाही पाठवणार अशी अफवा आली. कँटीनमध्ये व्हीआरएस हा शब्द लोक आवाज खाली आणून उच्चारत, घरात कुणाला मोठा आजार निघाल्यासारखा. मुलगी पीयूसीला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला होती, तिला पुढे इंजिनियर व्हायचं होतं. माझ्याकडे बघून तिला ही इच्छा कशी झाली, देव जाणे.

माझा मेव्हणा तेव्हा व्हाइटफील्डला, लाल मातीतून नुकत्याच वर आलेल्या काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. वयाने लहान, आवाजाने मोठा. एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "भावोजी, बाहेरच्या कंपन्यांकडे जुन्या ड्रॉइंगचे ढीग पडलेत. ते कॉम्प्युटरवर चढवून देणारा माणूस हवाय त्यांना. पण ते लोक काम बघून येत नाहीत, माणूस बघून येतात. इंटरनेटवर स्वतःला दाखवायला शिका."

"मला बघून कोण येणार?"

"म्हणून तर कोट घालायचा," आतून बायको म्हणाली.

कोट मेव्हण्याचाच होता. बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे थांबल्या, म्हणून फोटो छातीपर्यंतच काढायचा ठरला. स्टुडिओवाला "स्वल्प हसा, सार" म्हणत राहिला. मी हसत होतो, फक्त ते त्याला दिसत नव्हतं. मग मेव्हण्याने एक पान तयार केलं. वर फोटो, त्याखाली माझं नाव, त्याखाली इंग्रजीत मजकूर. त्यानुसार मी ज्येष्ठ डिझाइन तज्ज्ञ होतो आणि अमुक सरकारी कारखान्याच्या डिझाइन विभागाचा आधारस्तंभ होतो. कारखान्याचं नाव पूर्ण होतं.

"हा कोण माणूस?" मी विचारलं.

"तुम्हीच. बाहेर असंच लिहितात."

पहिले काही दिवस मी खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे. ऑफिसातून येताना सायबर कॅफेत शिरायचं, स्वतःला बघायचं आणि कुणाला न सांगता घरी यायचं. मग एका दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी स्टोअर्समधल्या एकाचा विषय काढला. त्याने बायकोच्या नावावर झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. नोकरीत असताना जोडधंदा करायचा नाही असा नियम, म्हणून त्याची चौकशी लागली होती आणि पगारवाढ थांबली होती. माझ्या हातातला इडलीचा तुकडा सांबारात पडला. त्याने निदान बायकोच्या नावावर तरी टाकलं होतं. माझं दुकान माझ्या नावावर, वर फोटो, खाली कारखान्याचं नाव, आणि उघडं साऱ्या जगाला.

त्याच सुमारास मेव्हणा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला. पासवर्ड त्याच्या डोक्यात, डोकं त्याच्याबरोबर. पान काढ म्हणून मी मेल केली. उलट उत्तर आलं, "काढायला लावू नका. काउंटर बघा, वाढतोय."

काउंटर म्हणजे पानाच्या तळाशी आकडे दाखवणारी छोटी चौकट. पान किती वेळा उघडलं गेलं ते ती सांगायची. मी रोज जाऊन बघायचो आणि रोज आकडा वाढलेला असायचा. कोण असतील हे लोक? आमचे व्हिजिलन्सवाले? त्यांच्याकडे इंटरनेट आहे का, हे कुणाला विचारण्याचीसुद्धा सोय नव्हती, कारण का विचारतोस म्हणाले तर? बसमध्ये कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की मी खिडकीकडे तोंड वळवायचो. शेवटी बायकोने विचारलं, "तुम्ही रोज जाता ना तिथे?"

"हो."

"मग ते तुम्हाला मोजत नाही?"

मला एकदम हायसं वाटलं आणि अपमानही वाटला. मी वहीत मांडून बघितलं. जवळजवळ सगळा आकडा मीच होतो. जवळजवळ. जे थोडे उरत होते, त्यांनी माझी उरलीसुरली झोप नेली.

अशात आमच्या विभागात इंटरनेट आलं. एकच कनेक्शन, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. साहेब कडक, धारवाडकडचे, कानडीतच बोलणारे. शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं, कारण विभागात कॉम्प्युटर कळणारा म्हणून माझं नाव झालं होतं. मोडेमचा कर्कश आवाज ऐकायला पाचसहा जण जमले, मग गंमत ओसरली आणि ते जेवायला गेले. केबिनमध्ये साहेब आणि मी उरलो.

"यात काहीही शोधता येतं म्हणे," साहेब म्हणाले. "आपल्या कारखान्याचं नाव टाका."

"सर, आपलं नसेल अजून."

"टाका हो. बघू तर."

मी टाकलं. स्पेलिंग एकदा चुकलं, तेही साहेबांनी दुरुस्त करून दिलं. कारखान्याचं स्वतःचं पान नव्हतंच. सगळ्या इंटरनेटवर आमच्या कारखान्याचं नाव लिहिणारा एकच माणूस होता. एकच ओळ आली. साहेबांनी स्वतः माऊस हातात घेतला आणि ती दाबली.

त्या काळी फोटो एकदम येत नसे, वरून खाली पट्टी-पट्टीने उतरत असे. आधी केस आले. मग कपाळ. कपाळावरून कुणाला ओळखता येत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. लाइन तुटावी, वीज जावी, काहीही व्हावं. एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज त्या दिवशी काही गेली नाही. भुवया आल्या. मग माझे डोळे आले आणि माझ्याकडेच बघायला लागले. टायची गाठ येईपर्यंत साहेबांचा चहा निवला होता.

"एनरी इदु?" साहेबांनी विचारलं. हे काय आहे, एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी मजकूर वाचला, ओठ हलवत, हळूहळू. "डिझाइन विभागाचे आधारस्तंभ," ते म्हणाले. "मग मी कोण?"

मी म्हणालो, मेव्हण्याने लिहिलंय. किल्ली त्याच्याकडे आहे. तो अमेरिकेत आहे. प्रत्येक वाक्यागणिक मी जास्त खोटारडा वाटत होतो आणि तिन्ही वाक्यं खरी होती.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "हे बघा. सोमवारी सकाळी मी परत बघणार. दिसलं तर मला वर कळवावं लागेल. मी बघितलं आणि गप्प बसलो असं निघालं, तर माझीही नोकरी जाते. सरी? कळलं?"

"सरी, सर."

घरी सांगितलं तेव्हा बायकोने एकही टोमणा मारला नाही. त्याने मी जास्त घाबरलो. आम्ही दोघं आयएसडीच्या बूथवर गेलो. मेव्हण्याच्या घरी फोन लागला, पण उचलला यंत्राने. निरोप ठेवा म्हणालं.

"अक्का बोलतेय," बायको यंत्राला म्हणाली. "ते बंद कर आणि फोनवर ये." यंत्र गप्प. "ऐकतोयस ना? तुझ्या भावोजींची नोकरी जाईल. साहेबांनी ते पान पाहिलंय. आत्ताच्या आत्ता काढ, नाहीतर आईला तुझ्या ऑफिसात फोन लावून देईन आणि रडायला सांगेन." मग रिसीव्हर हातात धरून तिने मला विचारलं, "हे त्याला कळलं असेल का?"

मला काय माहीत. शनिवारीही यंत्रच होतं. रविवारी संध्याकाळी कॅफेत गेलो तर मी जागच्या जागी होतो, टायसकट. काउंटर एकने वाढला. तो एक मी.

सोमवारी कॅफे उघडायच्या आधी माझी बस निघायची, त्यामुळे काय झालंय ते न कळताच मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिलो. घरून निघताना बायकोने डब्यात गोड शिरा घातला होता. मुलीने कशाबद्दल विचारलं, तर म्हणाली, "असाच."

साहेबांनी स्वतःच नाव टाइप केलं, एका बोटाने, कारखान्याचं पूर्ण नाव. वाट बघितली. ओळ आली. तीच ओळ, माझ्या नावासकट.

मी टेबलाची कड धरली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी ओळ दाबली.

पांढरा पडदा. बराच वेळ पांढराच. मी केसांची वाट बघत होतो. केस आले नाहीत, कपाळ आलं नाही. वर कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं आली, या पत्त्यावर कोणतंही पान नाही.

"काढलं त्याने," मी म्हणालो. "यादीतलं नाव जायला वेळ लागतो, सर. आत काही नाही."

साहेबांनी मान हलवली. मेमोसाठी बाजूला काढून ठेवलेला कोरा कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये परत टाकला. मला वाटलं, आता जा म्हणतील. पण ते पडद्याकडेच बघत राहिले. मग मागे गेले, कारखान्याचं नाव थोडं वेगळ्या तऱ्हेने टाइप केलं, परत दाबलं. परत तीच ओळ, परत तोच पांढरा पडदा.

"म्हणजे जगात कुणी आपल्याला शोधलं," ते म्हणाले, "तर त्याला हे दिसणार."

"हो, सर."

"गेल्या आठवड्यात निदान तुम्ही होतात."

बाहेर भोंगा झाला, पाळी सुरू झाली. ते उठले नाहीत, म्हणून मीही तिथेच उभा राहिलो.