सामनेवाला नंबर एक

डोणगावच्या बाजूला एका खेड्यात संजीवनीची विहिरीवरची एकरभर बागायत होती. नवरा पाच वर्षांपूर्वी काविळीनं गेला, लेक देऊळगाव राजाला दिलेली. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक असा भाजीपाला ती स्वतः काढायची, स्वतः जुड्या बांधायची आणि दिराच्या पिकअपमधून मेहकरच्या बाजारात न्यायची. तिच्या जुडीला बाजारात कोणी हात लावून पाहत नसे, संजीवनीची म्हटलं की उचलायचे.

त्या पहाटे दीर गोकुळच गाडी चालवत होता. आदल्या दिवशी दोन खेपा करून तो थकला होता. वळणाच्या अलीकडे त्याची मान छातीवर पडलेली संजीवनीनं पाहिली. "गोकुळभाऊ!" एवढंच ती ओरडली. गाडी तिच्या बाजूला कलंडली आणि तिचा उजवा हात पत्र्याखाली सापडला. शुद्धीवर आली तेव्हा ती बुलडाण्याच्या दवाखान्यात होती आणि अंगठा सोडून चारही बोटं गेली होती.

तोवर गोकुळनं पोलिसांत जबाब देऊन टाकला होता, एका ट्रकनं कट मारला आणि पळून गेला म्हणून. तिसऱ्या दिवशी तो ओळखीच्या वकिलाला घेऊन खाटेशी आला.

"वयनी, अथी अंगठा लावा. सरकारकडून मदत भेटते."

संजीवनी नववी शिकलेली. सही करणारी बाई. पण उजवा हात पट्ट्यांत होता आणि डोकं गुंगीत. तिनं डाव्या हाताचा अंगठा लावला. वकिलानं कागदांसोबत एक्स-रे आणि दवाखान्याची फाईलही नेली.

घरी आल्यावर धाकट्या जावेनं, गोकुळच्या बायकोनं पुष्पांजलीनं, तिला लेकरासारखं सांभाळलं. न्हाऊ घालायची, लुगडं नेसवायची, वेणी घालायची, भाकर कुस्करून पुढ्यात ठेवायची. कधी कपाळावर आठी नाही. "बाई, तुमी जित्या हायेत, मले दुसरं काई नाई पाह्यजे," म्हणायची. संजीवनी मान हलवायची आणि घास गिळायची. त्या वळणावर रस्ता मोकळा होता, हे तिच्या ओठापर्यंत यायचं आणि भाकरीसोबत खाली जायचं.

साडेचार महिने झाले. ग्रामपंचायतीत बायांसाठी कायद्याची माहिती सांगायला मेहकरहून अपेक्षा नावाच्या वकीलबाई आल्या. कार्यक्रम संपल्यावर संजीवनी त्यांच्याजवळ गेली आणि पदराखालचा हात बाहेर काढला. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ट्रक तुम्ही स्वतः पाहिला का, ताई?"

संजीवनीनं हात पुन्हा पदराखाली घेतला.

"पाहिला का?"

"नाई. ट्रक नोयताच."

वकीलबाईंनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाल्या, "पळून गेलेली गाडी दाखवली तर सरकारकडून ठरलेली मदत मिळते, तीही थोडकी. खरं सांगितलं तर या गाडीच्या विमा कंपनीवर दावा लागतो. गाडीत तुमचाच माल होता आणि तुम्ही मालासोबत बसला होतात, त्यामुळे दावा उभा राहू शकतो. पण गाडीमालकाचं नाव त्यात लिहावंच लागेल. सामनेवाला नंबर एक."

"त्याले जेल होईन?"

"निष्काळजीपणाचा गुन्हा होईल. पोलिसांना खोटं सांगितलं, ते वेगळं. जेल होणारच असं नाही. होणार नाही असंही मी म्हणणार नाही. आणि सहा महिन्यांच्या आत दावा टाकावा लागतो. तुमच्याकडे दीड महिना आहे."

संजीवनी आधी पहिल्या वकिलाकडे कागद मागायला गेली. पहिल्यांदा साहेब कोर्टात होते. दुसऱ्यांदा कपाटाची किल्ली नव्हती. तिसऱ्यांदा तो सरळच म्हणाला, "गोकुळभाऊचा फोन येऊ द्या, मग पाहू." कपाट तिच्यासमोरच होतं. काचेतून फायलींच्या पाठी दिसत होत्या. स्वतःच्याच हाताचा फोटो पाहायला तिला दिराची परवानगी लागत होती.

त्याच संध्याकाळी जेवताना गोकुळनं विचारलं, "वयनी, मेहकरले कायले चकरा मारून राह्यल्या?"

"कागद पाह्यजेत मले."

गोकुळनं ताट सरकवलं. पुष्पांजली चुलीपुढून उठून पाणी आणायला बाहेर गेली, तसा तो हळू आवाजात म्हणाला, "माह्या डोळा लागला होता, मले का माईत नाई? पन दोन लेकरं हायेत. लायसन गेलं त खाऊ काय? तुमाले या घरात काई कमी पडलं का?"

"नाई."

"मंग?"

काहीच कमी पडलं नव्हतं. तेच तर ओझं होतं.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना पुष्पांजलीचे हात थांबले.

"बाई, ट्रक होता का?"

तेव्हा संजीवनीच्या ध्यानात आलं, गोकुळनं बायकोलाही ट्रकच सांगितला होता.

"नाई व माय."

पुष्पांजलीनं पेड ओढून वेणी पुरी केली, नेहमीपेक्षा घट्ट. "तुमाले जे कराचं ते करा," ती म्हणाली. "मले इचारू नका. मी नवऱ्याच्या इरोधात बोलनार नाई. अन् तुमी खोट्या हायेत असंही बोलनार नाई."

वकीलबाईंनी पोलीस ठाण्यातून आणि दवाखान्यातून नकला मागवल्या. दवाखान्यातल्या आणायला बुलडाण्याला संजीवनी एकटी गेली, तिकीट दातात धरून, पिशवी खांद्याला अडकवून. मुदतीला सहा दिवस उरले असताना तिनं दाव्यावर सही केली. अंगठा नाही. डाव्या हातानं महिनाभर पाटीवर गिरवलेली वाकडी सही.

नोटीस आली त्या दिवशी गोकुळनं चूल वेगळी केली. संजीवनीच्या वाट्याला गोठ्यालगतची खोली आली. पुष्पांजलीला तिकडे जायची बंदी झाली. आठवड्याभरात संजीवनीनं डोणगावात जाऊन केस मानेपर्यंत कापून घेतले. गावातल्या बाया बघत राहिल्या.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "ट्रक नव्हता, हे इतके महिने तुम्ही का सांगितलं नाहीत?"

"साहेब, ज्यायच्या हातानं जेवत होती, त्यायच्याबद्दल कसं बोलाव?"

गोकुळ मागच्या बाकावर होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं आधी ट्रकच सांगितला. ट्रकचा रंग विचारला तर म्हणाला, दिसला नाही. दिवे? तेही नाही. मग कठडा धरून तो म्हणाला, "डोळा लागला होता माह्या."

बाहेर आल्यावर तो सरळ स्टँडकडे निघाला. डोणगावकडे जाणारी एसटी एकच होती. दोघंही तिच्यात चढली, तो पुढे बसला, ती मागे.

दावा मंजूर झाला, पण विमा कंपनी अपिलात गेली. गोकुळवर खटला चालू आहे, त्याच्याही तारखा पडतात. संजीवनी दोन बाया लावून भाजी काढते, जुड्या त्या बांधतात, आणि त्या सैल बांधतात. माल आता रिक्षानं जातो. अंगणात नळ एकच आहे. सकाळी पुष्पांजली आधी भरते, आणि तिचे हंडे उचलून होईस्तोवर संजीवनी खोलीच्या दारात कळशी घेऊन उभी असते.