आक्काच्या कट्ट्यावरची हातभर सुरमई

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. हजारो कागद हातांखालून गेले, त्यांतला एकही आज आठवत नाही. निवृत्तीनंतर मात्र बावड्याच्या आठवडी बाजारात, मासे विकणाऱ्या शांताक्काच्या कट्ट्याशेजारी पोतं टाकून बसायला लागलो आणि तिथलं काही विसरायची सोय राहिली नाही. माशाची पाटी कितीही धुतली तरी एखादा खवला कडेला चिकटून राहतोच. तसे चिकटलेले काही खवले इथं काढून ठेवतो.

आधी कट्ट्याविषयी. बाजारात दगडी कट्टा एकच. वर लिंबाची सावली, मागं पाण्याचा नळ. त्यावर फक्त समुद्राचा मासा विकायचा. पावसाळा सोडून सलग तीन बाजार, दुपारी बारापर्यंत, तिथं समुद्राचा मासा दिसला नाही तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाची. हा बाजाराच्या पंचांचा नियम. तो करून घेतला आक्काच्या सासूनं, कारण तेव्हा एक कांदेवाला कट्ट्यावर ठाण मांडून बसला होता. आणि कागदावर उतरवला मी, कारण माझं अक्षर चांगलं. कांदेवाला तिसऱ्या बाजाराला उठला. म्हातारीनं मला दोन पापलेटं दिली. आयुष्यात मला मिळालेली लाच एवढीच, आणि तीही खात्याबाहेरच्या कामाची.

त्याच नियमाखाली एक दिवस म्हातारीची सून सापडेल, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आक्का विधवा. घर चालतं ते या कट्ट्यावर.

* * *

शेळगावचे निवृत्तीतात्या डाळिंबाचे बागायतदार आणि सुरमईचे भक्त. मासा घेताना ते तराजूच्या काट्याकडं बघत नाहीत. उजवा हात सुरमईशेजारी ठेवतात. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत भरली तर ती सुरमई. पूर्वी भरायची. मग ती मनगटाच्या वर चार बोटं आली. मग मनगटाशी थांबली.

एका बाजाराला तात्यांनी हात ठेवला आणि मासा तळहातातच संपला.

"आक्का, ही सुरमई हाय का सुरमईचं पोर?"

"पोरच हाय. पुढल्या साली मोठं व्हईल."

"आता तुझ्या पाटीत आल्यावर कसं व्हईल?"

आक्कानं पोर कापलं, तात्यांनी नेलं. पुढच्या बाजाराला म्हणाले, "चव चांगली व्हती." आवाजात कौतुक नव्हतं.

* * *

आक्काला मासा येतो किनाऱ्यावरच्या दामू नाखव्याकडून. त्याची स्वतःची होडी. आक्का फोनवर बोलते तेव्हा स्पीकर चालू ठेवते, कारण हात माशाचे असतात. त्यामुळं दामू नाखव्याचा संसार सगळ्या बाजाराला पाठ आहे.

तात्यांना सुरमई गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेलीच लागते. एकदा फोन चालू असताना त्यांनी मधेच तोंड घातलं. "नाखवा, अंड्याची पाठवत जा. मागच्या टायमाला रिकामी आली."

पलीकडून नाखवा म्हणाला, "तात्या, अंड्याची तुम्ही खाल्ली तर उद्या आम्ही काय धरायचं?"

तात्या शेतकरी माणूस. त्यांना हा हिशोबच पटेना. "आमी ऊस तोडताना बेणं राखून ठेवतो. पुढची लागण कशाची करायची मग? तुमी ठेवत न्हाय का बेणं?"

नाखवा म्हणाला, "बेणंच तर तुम्हाला पाठवतोय."

तात्यांनी त्या दिवशी मासा घेतला नाही. दोन मेथीच्या जुड्या घेऊन गेले.

* * *

हा नाखवा एकदा मासे आणणाऱ्या बर्फाच्या गाडीत बसून बावड्याला आला होता. तात्यांनी त्याला आग्रहानं शेळगावला नेलं आणि आपलं बोअर दाखवलं. आधी दीडशे फुटांवर पाणी होतं. शेजाऱ्यानं अडीचशे घेतलं, म्हणून तात्यांनी चारशे घेतलं. शेजाऱ्यानं सहाशे घेतलं, म्हणून आता तात्या आठशेच्या विचारात होते.

नाखवा पाइपाकडं बघून हसला. "आमच्याकडे असंच. त्यानं मोठं जाळं आणलं म्हणून मी आणलं. मी आणलं म्हणून त्यानं होडीवर लाइट लावले. मासा उजेडाला गोळा होतो. आता रात्री समुद्र बघाल तर शहर वाटेल."

तात्या गंभीर झाले. "आमच्या मोटरीला रातीची लाईट न्हाय, आन् तुमच्यात माशाला हाय?"

"आहे. मासा नाही."

हे मला त्या गाडीचा ड्रायव्हर बशीरनं सांगितलं. तोच दोघांना शेळगावला घेऊन गेला होता, आणि बशीर बोलायचा थांबत नाही.

* * *

शांताक्कानं समुद्र पाहिलेला नाही. पण तिच्या मोबाइलवर गावचं हवामान नाही, समुद्राचं आहे. वारा कुठून, लाटा किती, होड्या निघणार की बांधून ठेवणार. इतकं बघून बघून ती आता उसाला पाणी देणाऱ्यांनाही सल्ले देते.

यंदा पावसाळा संपला तरी वादळांचे इशारे संपेनात. नाखव्याची होडी निघायची आणि अर्ध्यातून परतायची. एकदा जाळं भरून आल्याचा फोन आला. आक्का खूष झाली.

"काय घावलं?"

"जेलीफिश, बाय. नुसती जेली. पारदर्शक गोळे. हाताला लागले की आग होते. पाणी तापलंय, बांगडा खोल गेला, जवळ हेच राहिलंय."

आक्कानं जरा विचार केला. "तळून न्हाय का व्हत?"

नाखवा हसला, पण अगदी थोडा. त्या बाजाराला गाडी आली नाही. बारा वाजले. आक्कानं कोरडा कट्टा धुतला आणि उठली. पहिला रिकामा बाजार.

तात्या म्हणाले, "पुण्याहून माल उचल की."

"इचारलं. यापारी म्हणला, आदी हाटेलं, मग उरलं तर तुमी. आन् उरत न्हाय."

* * *

दुसऱ्या बाजाराला गाडी आली. अकरा वाजता. आक्का पदर खोचून उभी राहिली. बशीरनं मागचं दार उघडलं आणि एकामागून एक पाच खोकी उतरवली. पाचांतही बर्फ.

"मासं?"

"मासा मिळाला नाही आक्का. बर्फ आधीच भरला होता. म्हटलं, तुमचा आहे, तुम्हाला द्यावा."

बशीरचा प्रामाणिकपणा हा असा आहे. दोनशे मैलांवरून माणसानं पाणी आणून दिलं, आणि ज्या तालुक्यात आणलं तिथं उजनी धरणाचं एवढं पाणी.

रांगेत पुढचा होता संभा, कोंबड्या विकणारा. पोरगा वाईट नाही. उन्हात ठेवलेल्या पिंजऱ्यांत त्याच्या कोंबड्या धापा टाकायच्या, त्यालाही सावली हवी होती. त्यानं खिशातून टेप काढली आणि आक्काच्या देखत कट्टा मोजायला सुरुवात केली.

"संभा, अजून एक बाजार हाय," आक्का म्हणाली.

"व्हय आक्का. मी नुस्तं पिंजऱ्याचं माप घेतोय."

आक्कानं टेपचं दुसरं टोक धरलं. म्हणाली, "नीट धर, वाकडं जातंय." संभानं टेप गुंडाळून खिशात घातली आणि बाकीचा बाजार तो आमच्याकडं न बघता बसला.

* * *

त्याच दिवशी मी एक गोष्ट पाहिली. बशीर रिकामी गाडी घेऊन परत जाईना. उजनीच्या पाणवठ्याकडं वळला. मी विचारलं, "तिकडं कुठं?"

"चिलापी मासा भरायला. धरणातली. किनाऱ्यावर हॉटेलवाल्यांना माशाशिवाय चालत नाही. समुद्र बघायला आलेली माणसं मासा मागतात."

"आणि चिलापी खातात?"

"मसाला समुद्राचाच असतो ना."

तात्या ऐकत होते. ते आक्काकडं वळले. "मग तू बी मांड की चिलापी. मसाला लाव, कोण वळखतंय?"

आक्का ताडकन म्हणाली, "मी वळखते."

तात्यांनी टोपी काढून परत घातली. एवढं ऐकून घेताना मी त्यांना घरीसुद्धा पाहिलेलं नाही.

* * *

तिसरा बाजार.

आक्का सातलाच येऊन बसली. कट्टा धुतला, पाटी धुतली, कोयता धुतला. पुन्हा कट्टा धुतला. नाखव्याचा फोन लागत नव्हता. बशीरचा लागत होता, पण तो नेहमीप्रमाणं "आलोच" म्हणत होता. नऊला आलोच, दहाला आलोच, अकराला आलोच.

साडेअकराला पंचांतले सगळ्यांत वयस्क भिकाआबा काठी टेकत आले आणि लिंबाखाली बसले. मागं संभा उभा, पिंजरे हातगाड्यावर भरलेले. तात्या डाळिंबाची तोडणी सोडून आले होते. कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

"आबा, घड्याळ बघा," आक्का म्हणाली. "मला नगा दावू. तुमीच बघा."

बाराला सात मिनिटं असताना गाडी आली. बशीरनं एकच खोकं उतरवलं. आक्कानं बर्फ दोन्ही हातांनी बाजूला केला. आत एक मासा होता.

एकच. पण सुरमई. काळपट निळी पाठ, पोट चांदीसारखं आणि टम्म फुगलेलं.

"नाखव्यानं सांगितलंय," बशीर म्हणाला, "तीन दिवसांत एवढीच मिळाली. दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणाला."

आक्कानं ती कट्ट्याच्या मधोमध मांडली. संभा पुढं आला. आवाज चढवला नाही त्यानं. "आबा, एक मासा म्हंजी काय दुकान झालं का? माझ्या एका पिंजऱ्यात वीस कोंबड्या हायत."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊसाहेब, कागद तुमी लिवला. किती मासं पायजेत, लिवलंय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढल्या. ही माझी.

"नाही लिहिलं आबा. कमी पडतील असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं."

आबा काठी टेकून उठले. "कट्टा शांताचा," म्हणाले आणि गेले.

बशीरनं आक्काला पाणी दिलं. तात्या कट्ट्यापाशी गेले. बाही सारली आणि उजवा हात सुरमईशेजारी ठेवला. मनगट गेलं. कोपर आला. कोपराच्या पुढंही चार बोटं मासा होता. तात्यांनी दुसऱ्या हातानं पोट हळूच दाबून बघितलं. गाबोळी भरलेली.

किती वर्षं हा माणूस या माशाची वाट बघत होता, ते मला माहीत आहे. आक्कालाही माहीत होतं. तिनं कोयता घेतला, मासा डोक्याशी धरला.

"कापू तात्या?"

तात्यांनी हात काढला नाही. तो तसाच सुरमईवर राहिला.

"झाक तिला," ते म्हणाले. "पुढल्या बाजाराला बी हीच मांड."

आक्कानं कोयता ठेवला आणि ओंजळीनं बर्फ सारायला लागली. संभानं हातगाड्यापाशी जाऊन पिंजऱ्यावरचं ओलं पोतं काढलं, झटकलं आणि आणून बर्फावर अंथरलं.