पायरी आली की हळू

मला पोहायला शिकवलं माझ्या बाबांनी, आणि माझ्या वेगाची वाट लावली तीही त्यांनीच. हे त्यांना तोंडावर सांगून झालंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

आमचं गाव पवनीकडचं. गावच्या तलावाला पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, बाजूने दगडी पायऱ्या आहेत आणि खालच्या पायऱ्या कायम गढूळ पाण्यात बुडालेल्या. जोरात पोहत आलं की हात दगडावर आपटलाच म्हणून समजा. माझ्या एका काकांचं मनगट तिथेच मोडलं. म्हणून गावातली झाडून सगळी पोरं शेवटच्या चार हातांत हळू होतात, आणि पाळीवरचं कोणीतरी मोठं माणूस तसं ओरडून सांगतं. माझ्या वाट्याला बाबा आले. त्यांचा आवाज म्हणजे धानाच्या दहा बांध्यांपलीकडे रोवणा, म्हणजे भातलावणी, करणाऱ्यांना बोलावणारा.

बारावीत असताना मी भंडाऱ्याला स्विमिंग पूलवर एका मॅडमकडे जाऊ लागले. पन्नास मीटर, जीव खाऊन. विभागाच्या संघात जायचं होतं मला, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. मॅडम थोडंसंच अंतर पण पूर्ण जोराने पोहायला लावायच्या, मग भरपूर आराम, मग पुन्हा तेच. सगळं जमलं. फक्त भिंत जवळ आली की माझे हात आपोआप ढिले पडायचे. मॅडम कपाळाला हात लावायच्या. इथे दगड नाही गं, भिंत फोडायचीच असं समजून ये, असं रोज सांगायच्या. आणि मी जरा जोरात येऊ लागले की बाकावरून बाबा, "हळू, बाई, हळू!"

डोकं फिरायचं माझं. परतताना गाडीवर मागे बसून मी भांडायची. ते म्हणायचे, सवय आहे, तोंडातून निघून जातं. मग तोंड बंद ठेवा ना बाप्पा! शेवटी मॅडमनी त्यांना फाटकाबाहेर काढलं. तिथेही ते जाळीला नाक लावून उभे.

निवड नागपूरला होती. तोंड उघडणार नाही अशी त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक दातात धरून बसले. मी सगळ्यांच्या पुढे होते. भिंत दिसली आणि कानात स्पष्ट ऐकू आलं, हळू. शेजारच्या मुलीने माझ्या बोटभर आधी भिंत गाठली. एकीलाच घेणार होते, तिला घेतलं.

मी तणतणत बाबांकडे गेले. त्यांनी दुपट्टा तोंडातून काढला.

"आज तं मी काईच नाई बोललो."

"तुमी नाई बोलले. मले तरी आयकू आलं."



दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला तलावावर नेलं. धानाच्या तणसाने ठासून भरलेलं पोतं घेऊन ते छातीभर पाण्यात उतरले, आणि पायरी पाठीशी घेऊन, पोतं समोर धरून उभे राहिले. कपडे धुणाऱ्या बाया हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ये आता. माह्या अंगावर ये."

रागाच्या भरातच सुटले. डोकं खाली, श्वास बंद. अशी धडकले की बाबा पोत्यासकट मागे पायरीवर आदळले. कोपर सोलून रक्त आलं होतं. मी घाबरून काही विचारणार, तेवढ्यात तोंडातलं पाणी थुंकत त्यांनीच विचारलं,

"नाई झाली ना हळू?"