अण्णांचा ट्रेबल

माझ्या कानाचा मला फार अभिमान होता, कारण अभिमान वाटावा असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. गिरणीच्या ऑफिसात हजेरीपटावर बसणाऱ्या कारकुनाला सोलापुरात कोण विचारतो? पण सत्तर सालच्या सुमारास मला हाय-फायचं, म्हणजे रेकॉर्डचा आवाज अस्सल उमटवणाऱ्या मशीनचं, वेड लागलं आणि चारचौघांत मी शहाणा ठरू लागलो.

या वेडातले आमचे गुरू म्हणजे अण्णा. आमच्याच गिरणीत मागांच्या खात्यात जॉबर होते, बिघडलेला माग चालू करून देणारे. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह जमवून त्यांनी स्वतः ॲम्प्लिफायर बांधला होता. स्पीकरच्या सागवानी पेट्यांत आवाज घुमू नये म्हणून गिरणीतला टाकाऊ कापूस भरला होता. तो किती भरायचा हे ठरवायला त्यांनी सहा महिने घेतले. मूठभर काढायचा, रेकॉर्ड ऐकायची, पुन्हा चिमूटभर घालायचा. त्यांच्या बायकोने एकदा आम्हाला विचारलं होतं, की या पेटीला बाळंतपण आहे का काय.

रविवारी सकाळी आम्ही चौघे अण्णांकडे जमायचो. मी, एक शिंपी, एक पोस्टातले आणि एक शाळामास्तर. अण्णा मशीनला लागून सगळ्यांत पुढे बसत, आम्ही त्यांच्या मागे चादरीवर. ट्रेबलच्या, म्हणजे बारीक सूर वाढवायच्या, बटणाला हात लावायचा तो फक्त अण्णांनी. रेकॉर्ड चालू असताना कुणी बोलायचं नाही. बाजू संपली की अण्णा सुई उचलत आणि मागे वळून विचारत, "काय ऐकलं?"

छान होतं, असं उत्तर चालत नसे. "छान तर जिलेबी बी लागती. ऐकलं काय, ते सांगा की."

मग कुणी सांगायचं, की वरच्या सुरावर जाण्याआधी गाणाऱ्या बाईंनी श्वास चोरून घेतला. कुणी म्हणायचं, मागचा तंबोरा मध्येच जरा उतरला. जे आम्हा चौघांच्या हातून निसटलेलं असे ते अण्णा सांगत, आणि आम्ही तीच बाजू पुन्हा लावत असू. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात दुसरं काहीही केलेलं नाही. बायकोचं बोलणंही नाही, हे ती अजून ऐकवते.

पुढे चार-पाच वर्षांत माणसं बदलली. पॉलिटेक्निकची पोरं यायला लागली, एक तरुण डॉक्टर येऊ लागले. कुणाकडे बाहेरून आणलेला स्टिरिओ होता, कुणाकडे कॅसेटचं मशीन. ती मंडळी आल्या आल्या विचारत, किती वॉटचा आहे. गाणं अर्ध्यावर आलं की सुई उचलून दुसरी रेकॉर्ड लावा म्हणत, कारण त्यांना गाणं नको होतं, मशीन ऐकायचं होतं. मी नाकं मुरडत असे. पण खरं सांगायचं तर त्यांचा आकड्यांचा तोरा मला आवडायलाही लागला होता. वॉट आणि हर्ट्झ मीही पाठ केले.

त्याच काळात अण्णांच्या मशीनचा आवाज बदलत गेला. तबला पत्र्यावर खडे टाकल्यासारखा वाजू लागला, सारंगी कानात टोचू लागली. अण्णा दर महिन्याला ट्रेबल आणखी थोडा वाढवत होते. आम्ही गिरण्यांच्या गावातली माणसं. मागांच्या खात्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्यांचे कान कसे होतात हे आम्हाला सांगायला नको होतं. तिथल्या खडखडाटात माणसं ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? रविवारी डोकं धरून मी घरी यायचो, जेवताना कुरकुर करायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा चादरीवर जाऊन बसायचो. अण्णांनी "काय ऐकलं?" विचारलं की मशीनचं सोडून बाकी सगळं सांगायचो.

एकदा डॉक्टर एक वेगळीच रेकॉर्ड घेऊन आले. तिच्यावर गाणं नव्हतं, नुसती शिट्टी होती, सूर हळूहळू वर चढत बारीक होत जाणारी. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, थांबलं की खाली घ्यायचा. अण्णांना तो खेळ वाटला, ते खूश झाले. मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. नव्या पोरांना माझा कान दाखवायचा होताच, आणि त्याच्या तळाशी एक भित्रा विचारही होता. आपल्या तोंडाने सांगायला नको, परस्पर रेकॉर्डच सांगेल.

शिट्टी सुरू झाली, सगळ्यांचे हात वर गेले. थोड्या वेळाने पुढे बसलेल्या अण्णांनी हात खाली घेतला. शिट्टी चांगली खणखणीत चालू होती. खेळ संपला असं समजून ते हसत मागे वळले आणि त्यांना आमचे सगळ्यांचे वर केलेले हात दिसले.

मी झटकन हात खाली घेतला. शिंप्यानेही घेतला.

"वर ठेवा," अण्णा म्हणाले. "ऐकू येतंय तर ठेवा की."

आम्ही हात पुन्हा वर केले. अण्णा आमच्याकडे तोंड करून बसले आणि एकेक हात खाली येताना बघत राहिले. सगळ्यांत शेवटचा माझाच होता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मी त्यांना गिरणीच्या फाटकात गाठलं आणि माफी मागितली. तोंड त्यांच्यासमोर धरून, सावकाश बोललो.

"शिट्टीचं काय न्हाय," ते म्हणाले. "कान गेलं ते मागावर गेलं. पर माझं मशीन कवापासनं वंगाळ वाजतंय?"

मी सांगून टाकलं. "दोन वर्षं झाली."

"मग बोलला का न्हाई कुणी?"

"तुमचा मान ठेवायचा म्हणून, अण्णा."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मान ठेवला, व्हय," ते म्हणाले. "पर दोन वर्षं मला एकट्यालाच ऐकाय बसवलं तुमी."